एकाच डब्याचं कॉलेज

२० मे १९४६, सोमवार. आज कोठी आवरायला काढली. लोणावळ्यात पावसाळ्यात बांधून ठेवलेल्या प्रत्येक वस्तूला बुरशी येते, म्हणून आरोग्यधामाच्या स्वयंपाकघराची कोठी मी दर मे महिन्यात रिकामी करते. डाळी उन्हात टाकल्या, गव्हात कडुलिंबाचा पाला घातला, लोणच्याच्या बरण्या उतरवल्या. बरण्यांच्या मागे पार्सलकाकांचा गठ्ठा होता. अमेरिकेतल्या कॉलेजांची चाळीसेक माहितीपुस्तकं, सुतळीनं बांधलेली. तीही तूरडाळीशेजारी उन्हात पसरली. कालच नवलाख उंबरे गावचे शाळामास्तर मुलीला घेऊन आले होते. लढाई संपली, बोटी सुरू झाल्या, मुलीला अमेरिकेत शिकायचं आहे, तर कॉलेज कसं निवडायचं, असं त्यांनी मला विचारलं. दोन दिवसांनी सांगते म्हटलं. खरं तर ते सांगायला पार्सलकाकाच हवे होते.

पार्सलकाका लोणावळा स्टेशनवर पार्सल बाबू होते. घाट उतरून कल्याणच्या पुढे ते आयुष्यात गेले नाहीत. कल्याणलासुद्धा एका लग्नाला गेले आणि जेवण आटोपताच परतीच्या गाडीत बसले. पण ओहायोतल्या अमुक कॉलेजचं वसतिगृह स्टेशनपासून किती लांब आहे, हे विचारा, काका अर्ध्या झोपेतही सांगत.

हा नाद त्यांना एका बेवारशी खोक्यानं लावला. खंडाळ्याला उन्हाळ्यापुरता राहायला येणारा कोणी अमेरिकन शिक्षक मायदेशी निघून गेला आणि मागाहून त्याच्या नावानं आलेलं खोकं पार्सल ऑफिसात पडून राहिलं. नियमाप्रमाणे मुदत संपल्यावर त्याचा लिलाव पुकारला. आत कॉलेजांची माहितीपुस्तकं आहेत म्हटल्यावर भेळवाल्यानंही बोली लावली नाही, कागद फार गुळगुळीत होता. काकांनी ते घरी नेलं आणि दोन गाड्यांच्या मधल्या वेळात वाचून काढलं. मग त्या कॉलेजांना पत्रं लिहून ते नवी पुस्तकं मागवू लागले. कॉलेजं बिचारी पाठवत राहिली. लोणावळ्यात उच्चशिक्षणाची एवढी तहान कुठून लागली, असा प्रश्न त्यांना पडत असणार.

माहितीपुस्तक ते मागून पुढे वाचत. पुढच्या पानांवर तळं, टेकडी, मनोरा यांचे फोटो असतात, ते बघायचेच नाहीत. "खंडाळ्याचे हॉटेलवाले काय लिहितात? दरीचा देखावा. न्हाणीघराबद्दल लिहितात का? नाही. का, ते तिथं उतरल्यावर कळतं," असं त्यांचं म्हणणं. मागच्या पानांवर शिक्षकांची यादी, वसतिगृहाचे नियम, दवाखाना, येण्याचा रस्ता, हे असतं. ते सापडलं नाही तर पुस्तक चुलीपाशी जाई.

दुसरा दंडक असा, की आधी माल बघायचा, मग पत्ता लिहायचा. लोक उलटं करतात, मोठ्या कॉलेजचं नाव ऐकतात आणि त्यात मुलगा कोंबायला निघतात. काकांकडे कोणी गेलं की ते पहिल्यांदा त्याला पार्सलच्या काट्यावर उभं करत. मलाही केलं. धोंडूआबा हमाल वजनं टाकत होता. तो म्हणाला, "ताई, हलू नगा. काटा लय नाजूक हाय." एक मण बारा शेर भरले. काकांनी ते वहीत लिहिलं आणि मग तासभर विचारत बसले. थंडी सोसते का, मांस खाणार का, घोकंपट्टी करतेस की हातानं काम करतेस, घरची आठवण आली तर रडतेस की चिडतेस. मी म्हटलं, चिडते. "उत्तम," काका म्हणाले, "रडणारीला मोठं वसतिगृह लागतं. चिडणारीला लहान चालतं."

या पद्धतीतही चुका होत. सोमाटण्याच्या पाटलांच्या मुलाला शेती शिकायची होती. काकांनी महिनाभर खपून त्याच्यासाठी कॉलेज निवडलं, अर्ज पाठवला. उत्तर मोठं प्रेमळ आलं, की आपल्या अर्जानं आम्ही भारावलो, परंतु हे कॉलेज फक्त मुलींसाठी आहे. पाटील वर्षभर स्टेशनकडे फिरकले नाहीत. काकांना त्याचं काही नाही. "कॉलेज निवडलं ते बरोबरच होतं," ते सांगत, "माल चुकला."

ही गोष्ट आमच्या नानांना ठाऊक होती. नाना, म्हणजे माझे वडील, बाजारात दवाखाना चालवत. मी पुण्याला बी.एस्सी. झाले होते आणि मला आहारशास्त्र शिकायचं होतं, ते तेव्हा इकडे धड कुठे शिकवत नसत. नानांनी सरळ सांगितलं, "दसऱ्यापर्यंत मला पटेल असं एक कॉलेज दाखव, मी बोटीवर बसवतो. नाहीतर पुण्याच्या शाळेतली नोकरी धर आणि पुन्हा विषय काढू नकोस." तेव्हा चैत्र चालू होता. कॉलेजं निवडायला महिना, पत्र जायला महिन्यावर, यायला महिन्यावर. म्हणजे एकच फेरी हातात होती. चुकलं तर मी जन्मभर इंग्रजी पाचवीच्या मुलींना भूमितीची प्रमेयं शिकवत बसणार होते.

काकांनी बारा कॉलेजं काढली आणि प्रत्येकाला एक पोस्टकार्ड लिहिलं. त्यावर सात प्रश्न, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात. यादीतले शिक्षक खरोखर शिकवतात की रजेवर आहेत? मांस न खाणाऱ्या मुलीला रात्री जेवायला काय मिळेल? खोली किती वाजेपर्यंत ऊबदार असते? शिकता शिकता काम करता येतं का, आणि कोणतं? मुलगी आजारी पडली तर कोण बघतं? आमच्या देशाचं कोणी तिथं शिकत असेल तर त्याचा पत्ता द्या, आम्ही परस्पर विचारू. इथपर्यंत मला मान्य होतं. हे प्रश्न आजही कोणाला सुचत नाहीत.

सातवा प्रश्न मात्र काकांचा लाडका होता. तुमच्याकडे कोच किती आहेत?

झालं होतं असं. एका मोठ्या कॉलेजच्या मागच्या पानांवर त्यांना हेड कोच, असिस्टंट कोच, लाइन कोच, ट्रॅक कोच अशी सात कोचांची यादी सापडली होती. रेल्वेत पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाला कोच म्हणजे आगगाडीचा डबा, त्यात ट्रॅक आणि लाइन बरोबर असल्यावर शंका कशाला? कॉलेजचे स्वतःचे रूळ, स्वतःचे सात डबे. "हा बघ, फ्रेशमन कोच," त्यांनी मला बोट ठेवून दाखवलं. "नव्या विद्यार्थ्यांना वेगळा डबा. आपल्याकडे बायकांचा असतो तसा. तुला बंदरावरून थेट कॉलेजात नेऊन सोडतील."

मी म्हटलं, "काका, पण प्रत्येक कोचपुढे माणसाचं नाव आहे."

"देणगीदाराचं. धर्मशाळेवर घालत नाहीत का?"

मी शास्त्राची पदवीधर होते, तरी मान डोलावली. माझ्याकडून हे झालं, ते नोंदवून ठेवते.

उत्तरं श्रावणापासून येऊ लागली. काहींनी नुसते अर्जाचे कागद पाठवले, काहींनी तळ्याचे आणखी फोटो. सात कोचांच्या कॉलेजकडून एक छापील कार्ड आलं, की आपलं पत्र मिळालं, आभारी आहोत. खाली सहीचा शिक्का. काकांनी ते कार्ड उलटंसुलटं केलं, उजेडात धरलं, पण त्यात दुसरं काही नव्हतं.

आणि आयोवातल्या एका लहानशा कॉलेजकडून हातानं लिहिलेली अडीच पानं आली. तिथल्या रजिस्ट्रारबाई, मिस हॉलवे, यांनी सातही प्रश्नांना क्रमानं उत्तरं दिली होती. आहारशास्त्राच्या बाई रजेवर नाहीत, पण डिसेंबरात लग्न करणार आहेत, पुढचं सांगता येत नाही. शाकाहारी मुलीला घेवडा, बटाटे, अंडी चालत असली तर अंडी, आणि चीज मिळेल, आणि तिला स्वयंपाकघरातच काम दिलं तर ती स्वतःचं बघून घेईल. दवाखाना नाही, पण डॉक्टर समोरच्याच घरात राहतात आणि आजारी मुलीला मी माझ्या खोलीत आणते. सातव्याचं उत्तर काकांनी मोठ्यानं वाचलं आणि मला मराठीत सांगितलं, "आमच्याकडे कोच एकच. वीस वर्षं जुना. गुडघा धरला आहे, बाकी ठणठणीत. बसायला दोन खुर्च्या लागतात. गणितही तोच शिकवतो. तुमची मुलगी स्टेशनवर उतरेल तेव्हा तोच न्यायला येईल."

काकांचा चेहरा पडला. "एकच डबा," ते म्हणाले. "तोही वीस वर्षांचा. गुडघा म्हणजे आपल्याकडे जोडणी म्हणतात ते असेल."

"गणित कसं शिकवतो मग?"

"डब्यात वर्ग भरत असेल. इमारत अपुरी दिसते."

"काका, पण इंग्रजीत त्यांनी 'ही' लिहिलंय, 'इट' नाही."

काकांनी माझ्याकडे कीव करून पाहिलं. "अगं, डबा पुल्लिंगीच की. तो डबा. बाई काय 'ती डबा' लिहिणार?"

मी पत्राची घडी घालून पाकिटात ठेवली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही दवाखान्यात गेलो. काकांच्या एका हातात सात कोचांचं माहितीपुस्तक होतं, दुसऱ्या हातात आयोवाचं पत्र. वाटेत ते मला सातचंच महत्त्व सांगत आले होते. नानांनी दोन्ही वाचलं. कोच म्हणजे काय ते त्यांना कळलं असावं, कारण ते मिशीत हसले. चष्मा काढून त्यांनी एवढंच विचारलं, "बाबू, तुमची मुलगी असती तर कुठं धाडली असती?"

काकांना मूलबाळ नव्हतं. त्यांनी आयोवाचं पत्र परत हातात घेतलं आणि पहिल्यापासून वाचायला लागले. मी आयुष्यात इतकी ताटकळले नाही. सात डबे ते कधी सोडतील असं मला वाटत नव्हतं, आणि त्यांनी सात म्हटलं असतं तर नाना नाही म्हणणार, हेही दिसत होतं. शेवटी काकांनी ते गुळगुळीत पुस्तक टेबलाच्या कडेला सारलं.

"जे पोस्टकार्डाला उत्तर देत नाहीत, ते पोरीला ताप आला तर डॉक्टर काय बोलावणार?" ते म्हणाले. "डबा एकच आहे, पण बाईंनी त्याचा गुडघासुद्धा लपवला नाही. इंदू, तू एकाच डब्याच्या कॉलेजात जा."

नाना म्हणाले, "बरं." आणि पुढच्या रोग्याला आत बोलावलं.

निघताना माझ्या ट्रंकेवर काकांनी स्वतःच्या हातानं पत्ता रंगवला. मी म्हटलं, त्यावर 'नाजूक माल' लिहा, आत लोणच्याची बरणी आहे. त्यांनी लिहिलं नाही. "नाजूक लिहिलेलं पार्सल हमाल मुद्दाम आपटतात," ते म्हणाले. "नुसतं नाव लिहावं आणि झाकण घट्ट लावावं." धोंडूआबानं शेजारून "व्हय, आपटतो आमी" म्हणून दुजोरा दिला. बरणी आयोवापर्यंत शाबूत पोचली.

त्या स्टेशनवर मी एकटीच उतरले. फलाटावर दोन खुर्च्यांचे एक गृहस्थ लंगडत पुढे आले, टोपी काढली आणि म्हणाले, मी कोच. मी ट्रंकेवर बसून इतकी हसले, की प्रवासानं डोकं फिरलं असं समजून त्यांनी मला आधी डॉक्टरांच्या घरीच नेलं. म्हणजे पाचवं उत्तर खरं असल्याचं तासाभरात कळलं. फुटबॉल शिकवायचे, गणितही शिकवायचे, आणि वर्षभर माझं घरचं पत्र आलं का, तेही तेच बघायचे.

काकांना मी तार केली, की डबा वेळेवर आला. हे खोटं नव्हतं. ती तार त्यांनी पार्सल ऑफिसच्या भिंतीला चिकटवली. तीन वर्षांनी मी परत आले तेव्हा काका काट्यापाशीच उभे होते. आधी वजन केलं, अकरा शेर वाढलं होतं, आणि मग विचारलं, "डबा कसा होता?" मी म्हटलं, "प्रशस्त." त्यांना फार बरं वाटलं. लढाई सुरू व्हायच्या आधी दोन वर्षं ते गेले. खरं सांगायला मला सात-आठ वर्षं मिळाली होती, मी सांगितलं नाही आणि त्याची चुटपुटही नाही. गठ्ठा त्यांनी माझ्या नावावर ठेवला. सुतळीला पत्त्याची चिठ्ठी होती. तिच्यावर माझं नाव, आणि 'नाजूक' लिहिलेलं नव्हतं.

इथवर काल लिहून ठेवलं. आज सकाळी मास्तरांच्या मुलीला बोलावून घेतलं, कोठीतल्या धान्याच्या काट्यावर उभं केलं आणि तिला थंडी सोसते का ते विचारलं. गठ्ठ्यातली बारा कॉलेजं काढली, बारा पोस्टकार्डं घेतली. सहा प्रश्न भराभर लिहून झाले. सातवा गाळायचं मी रात्रीच ठरवलं होतं. पण पहिल्या कार्डावर अर्ध्या बोटाची जागा उरली होती, तेव्हा लिहिला. मुलीनं वाकून वाचलं आणि विचारलं, "बाई, कोच कशाला?"

"न्यायला कोण येतं ते कळतं," मी म्हटलं आणि उरलेल्या अकरांवरही तो लिहून सगळी कार्डं दहाच्या टपालात टाकली.