फळ्यासाठी फोडलेले सेल

हे लिहायचं मी आठ वर्षं टाळलं. आधी नोकरीची भीती होती, मग गावातल्या मानाची. आता मात्र आणखी टाळलं तर ते राहूनच जाईल.

पवनी तालुक्यातल्या एका लहान गावच्या शाळेत मी मुख्याध्यापक होतो. भिंतीवरचा सिमेंटचा फळा दरवर्षी शाळा उघडताना काळा करावा लागे. मुलांनी घरून टॉर्चचे, रेडिओचे संपलेले सेल आणायचे, ते फोडून आतली काळी भुकटी वालाच्या पानांच्या रसात कालवायची आणि फडक्यानं फळ्याला फासायची, अशी आमची जुनी रीत. सेल फोडायचं काम मी शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाईंच्या गळ्यात घातलं होतं. ते त्यांचं काम नव्हतं.

"गुरुजी, तुमच्या फळ्याले माह्या तव्याहून जास्त काजळ लागते," असं म्हणत त्या हसत दगड उचलायच्या.

त्या वर्षी ढिगात कोणाच्या तरी मोबाईलची बॅटरी आली. चपटी, पण मधोमध पापडासारखी फुगलेली. बाई ती घेऊन माझ्या टेबलापाशी आल्या.

"हे तं फुगून राह्यली, गुरुजी. हे बी फोडू का?"

"फोडा ना. सेल तो सेल. आतून काळंच निंगन."

रजिस्टरातून मी मानही वर केली नाही. थोड्या वेळानं अंगणात फुस्स आवाज झाला आणि पांढऱ्या धुरातून जाळ उठला. बाईंचा उजवा पंजा भाजला.

अहवालात मी लिहिलं : 'चुलीजवळ निष्काळजीपणामुळे हात भाजला.'

शाळा समितीची सभा झाली. अध्यक्ष म्हणाले, "सोताचा हात सांभाळता येत नाही, पोरायचं जेवण काय सांभाळन?"

पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन बाई बसल्या होत्या. "गुरुजीले इचारा ना. काय झालं तं त्यायले माहीत हाये."

सगळे माझ्याकडे वळले. मी म्हणालो, "जे झालं ते लिहिलं आहे."

खिचडीचं काम दुसरीला मिळालं. बाईंची बोटं नंतर कधी नीट मिटली नाहीत. रोवणीत धानाचं रोप चिमटीत धरता येईना, म्हणून तीही मजुरी गेली.

गेल्या वर्षी माझाच फोन फुगला. अड्याळच्या बाजारातल्या दुरुस्तीवाल्यानं बॅटरी अलगद काढून कोरड्या वाळूच्या डब्यात ठेवली. ही कचऱ्यात नाही टाकायची, भंगारातही नाही द्यायची. अशा बॅटऱ्या जमा करणाऱ्यांकडे वेगळ्या पाठवतो, म्हणाला.

"आन कोनी फोडली तं?" मी विचारलं.

"हे कोन फोडते, काका? येडा माणूस बी नाही फोडत."

परतताना मी बाईंच्या दारात थांबलो. त्यांनी खाट टाकली, डाव्या हातानं पाणी दिलं.

"काहून आले गुरुजी, इतक्या वर्षानं?"

"असाच. बाजारात गेलो होतो."

पोरी कशा आहेत ते विचारलं, पाणी प्यालो आणि उठलो. पुढच्या आठवड्यात पुन्हा जाईन म्हणत राहिलो. दिवाळीनंतर त्या वारल्याचं कळलं.

त्या खाटेवर बसून एवढंच म्हणायचं होतं : बाई, फोडा म्हणून मीच सांगतलं होतं. तुमची काही चूक नव्हती. सभेत मी खोटं बोललो. मले माफ करा.