आमच्याच सापळ्यांची जप्ती

पोत्यातलं लोखंड खणखणत टेबलावर पडलं, तेव्हा आमचा बॉस ग्रॅहम चहात बिस्किट बुडवत होता. ते बिस्किट चहातच राहिलं.

"पोचर!" बाबा म्हणाले. "मेनी पोचर!"

एवढं इंग्रजी त्यांनी डोंगर उतरता उतरता जुळवलं असणार. पॅन्टला गुडघ्यापर्यंत चिखल, मनगटावर ओरखडे, आणि चेहऱ्यावर असा आनंद, जो आई गेल्यापासून मी पाहिला नव्हता. टेबलावर लोखंडी जबड्यांचे सापळे पडले होते. प्रत्येकावर निळ्या रंगात नंबर होता. ते नंबर ग्रॅहमनं स्वतः रंगवले होते.

ही गोष्ट नव्वदीच्या दशकातली. माझी बायको विद्या फार्मसिस्ट. तिला ऑकलंडच्या हॉस्पिटलात नोकरी मिळाली आणि आम्ही तिथल्या मनुरेवा या उपनगरात राहायला आलो. माझी फॉरेस्ट्रीची डिग्री वर्षभर बॅगेत पडून होती. मग तिथून पाऊण तासावरच्या एका जंगलात रेंजरची जागा निघाली आणि ती मला मिळाली. बाबा मेळघाटात फॉरेस्ट गार्ड म्हणून लागले आणि वनपाल म्हणून रिटायर झाले. पोरगा परदेशात रेंजर झाला, हे त्यांनी अख्ख्या परतवाड्याला सांगितलं होतं. त्या डिसेंबरात ते पहिल्यांदाच आमच्याकडे आले. तिकडे थंडी, इकडे उन्हाळा. पहिले काही दिवस त्यांनी घरासमोरच्या गाड्या पाहण्यात काढले, मग म्हणाले, "मले तुझं जंगल दाखव."

म्हणून त्या दिवशी त्यांना बरोबर आणलं होतं. डबा दिला, ऑफिसच्या व्हरांड्यात बसवलं आणि मी दुसऱ्या बाजूच्या ट्रॅकवर पडलेलं झाड कापायला गेलो. चाळीस वर्षं जंगल तुडवलेला माणूस व्हरांड्यात बसून राहील, असं मला का वाटलं, कोण जाणे.

बाबांना झाडांना बांधलेल्या गुलाबी रिबिनी दिसल्या. रिबिनींच्या मागे ते चढत गेले आणि त्यांना पहिला सापळा दिसला. मेळघाटात असले सापळे लावतात ते वाघाचे शिकारी. बाबांनी काठी टोचून तो मिटवला, साखळी सोडवली आणि पुढे निघाले. मग दुसरा. मग तिसरा. उंदरांच्या सापळ्यांची लाकडी खोकीही होती, पण ती त्यांना मधमाशांच्या पेट्या वाटल्या, म्हणून वाचली.

ग्रॅहमनं एक सापळा उचलला, नंबर पाहिला, खाली ठेवला. मग माझ्याकडे वळला.

"मेट, तुझ्या डॅडला विचार, सगळे काढले का?"

मी विचारलं. बाबा खुशीत म्हणाले, "एक बी नाई सोडला."

"स्वीट अ‍ॅज," म्हणजे तिथल्या बोलीत 'झकास', असं ग्रॅहम म्हणाला आणि खिडकीतून उन्हाकडे पाहू लागला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

ते सापळे कशासाठी होते, ते सांगायला हवं. आमच्या जंगलात कोकाको नावाचा पक्षी आहे. निळसर राखाडी अंग, डोळ्यांवर काळी पट्टी, चोचीखाली दोन्हीकडे निळे मांसल गोंडे. उडण्यात कच्चा, फांद्यांवरून उड्या मारत फिरतो. गाणं मात्र असं की पहाटे ऐकलं तर हातातलं काम थांबतं. आमच्याकडे अंडी घालणारी जोडी एकच उरली होती. त्या वर्षी तिनं घरटं केलं होतं आणि मादी अंड्यांवर बसली होती. तिचा वैरी पॉसम. मांजराएवढा, झुबकेदार शेपटीचा प्राणी, रात्री झाडावर चढून अंडी खातो. म्हणून झाडाच्या बुंध्याला गुळगुळीत पत्रा गुंडाळलेला आणि भोवती सापळ्यांचं कडं. याला आम्ही 'रिंग' म्हणायचो. ती रिंग आता टेबलावर होती, आणि संध्याकाळ व्हायला फार वेळ नव्हता.

आता बाबांना सांगायचं कोणी? अर्थात मीच.

"बाबा, हे पोचरचे नाहीत. आमचे आहेत."

"तुमचे म्हंजे?"

"आम्हीच लावले. मीही लावतो."

बाबांच्या चेहऱ्यावरचा आनंद माझ्यासमोर उतरला. 

"तू फासे लावतो?" ते म्हणाले. "मी जनम घातला फासे काढण्यात, अन् तू लावतो? जंगल राखाले आला का माराले?"

मला रडू आलं असतं. लहानपणी याच माणसानं मला वायरचा फास सोडवायला शिकवलं होतं. मी पॉसमचं, अंड्यांचं भराभर सांगू लागलो. ते ऐकत नव्हते. ग्रॅहमला शब्द कळले नाहीत, पण प्रकरण कळलं. त्यानं पोतं खांद्यावर टाकलं आणि म्हणाला, "तुझ्या डॅडला वर घेऊन चल. घरटं दाखवू."

आम्ही तिघं चढू लागलो. सापळे नेमके कुठे होते हे शोधण्यातच उजेड संपणार, या काळजीत मी होतो. पण जिथून सापळा काढला, तिथे बाबांनी नेच्याच्या पानाला गाठ मारून ठेवली होती. ही मेळघाटातली सवय. फास निघाला की ती जागा पंचनाम्यासाठी दाखवावी लागते. ग्रॅहमनं पहिली गाठ पाहिली, दुसरी पाहिली आणि मोठ्यानं हसला.

"युअर डॅड'स अ प्रोफेशनल," तो मला म्हणाला. मी ते बाबांना सांगितलं. त्यांनी मान वळवली.

आम्ही दोघं सापळे लावत चढलो. बाबा हात मागे बांधून, थोडं अंतर ठेवून येत होते. एकाही सापळ्याला त्यांनी हात लावला नाही.

घरट्याच्या झाडाशी पोचलो तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. ग्रॅहमनं दुर्बीण बाबांच्या हातात दिली आणि बोटानं दाखवलं. वर, वेलींच्या जाळीत, काळ्या पट्टीचं डोकं घरट्याबाहेर दिसत होतं. मादी जागची हलत नव्हती. बाबांनी दुर्बीण लवकर खाली घेतली नाही. मग ग्रॅहमनं खिशातून कॅमेऱ्याच्या रोलची डबी काढली. आत कापसावर अंड्याच्या कवचाचा तुकडा होता, काठावर दातांच्या खुणा.

"लास्ट इयर," तो म्हणाला.

हे भाषांतर न करताच बाबांना कळलं. तुकडा तळहातावर घेऊन त्यांनी बराच वेळ पाहिला.

"हे पॉसमचं काम?" त्यांनी मला विचारलं.

"हो."

"अन् हा पॉसम इथला हाय?"

"नाही. ऑस्ट्रेलियातून आणला, फरच्या धंद्यासाठी. मग पसरला."

"म्हंजे आणला मानसानं, अन् मरन त्याचं. त्या जनावराची काय चूक?"

हे मी ग्रॅहमला शब्दशः सांगितलं. मला वाटलं तो चिडेल. त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं.

"सांग त्यांना, त्यांचं बरोबर आहे. मला अजून उत्तर सापडलेलं नाही."

पोत्यात एकच सापळा उरला होता, झाडाजवळचा. ग्रॅहम वाकणार, तेवढ्यात बाबांनी दुर्बीण माझ्याकडे दिली आणि सापळा त्याच्या हातातून घेतला. असे कितीतरी मिटवलेल्या माणसाला उघडायचा कसा, हे वेगळं सांगावं लागत नाही. त्यांनी पायानं स्प्रिंग दाबली, जबडे उघडले, मधली पट्टी बसवली, साखळी अडकवली.  काम झाल्यावर त्यांनी तळवे पॅन्टला पुसले, आणि थोडं चालून गेल्यावर पुन्हा पुसले.

उतरताना ते म्हणाले, "सापळे पाहाले कधी येता?"

"दहापर्यंत. नियमात बसतं."

"रातभर पाय अडकून पडलेलं जनावर दहा वाजेपर्यंत ठेवता? उद्या फटफटीले यायचं. मी बी येतो."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आम्ही डोंगरावर होतो, आणि मग रोजच. ग्रॅहम पहिल्या दिवशी कुरकुरला. आठवडाभरात स्वतःच फ्लास्क घेऊन आमच्या आधी हजर राहू लागला. पॉसम सापडला की तो झटकन संपवायचं काम ग्रॅहम करायचा. बाबा तेवढा वेळ पाठ फिरवून उभे राहायचे. मग तिघं चहा प्यायचो. वरून कोकाकोचं गाणं यायचं. बाबा मराठीत मेळघाटचं सांगायचे, ग्रॅहम इंग्रजीत तिकडची शेतं फस्त करणाऱ्या सशांचं, आणि मी भाषांतर करायचं सोडून दिलं, कारण त्यांचं माझ्यावाचून अडत नव्हतं. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला परत मिळाव्यात असं वाटतं, त्या सकाळी याच.

अंड्यांतून पिल्लं बाहेर आली, पण ती उडायच्या आधीच बाबांचं परतीचं तिकीट होतं. ते गेल्यावर काही दिवसांनी, ग्रॅहम आणि मी झाडाखाली उभे असताना, एक पिल्लू घरट्याच्या काठावर आलं, धडपडलं आणि शेजारच्या फांदीवर गेलं. ग्रॅहमनं मला मिठी मारली. हा माणूस बायकोलाही चारचौघांत मिठी मारायचा नाही.

त्या संध्याकाळी मी परतवाड्याला फोन लावला.

"बाबा, पिल्लू उडालं!"

 पलीकडून बाबांनी विचारलं, "सापळे पाहाले आजकाल किती वाजता जाता?"

"फटफटीलाच, बाबा."

"मंग ठीक हाय," ते म्हणाले, आणि विद्याची चौकशी करू लागले.

बाबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. ग्रॅहम रिटायर झाला, पुढे मीही झालो. अजून नवे व्हॉलंटियर आले की पहिला तास घ्यायला मला बोलावतात. मी दोनच गोष्टी सांगतो. सापळा दिसला तर काढू नका, आधी कोणाचा ते विचारा. आणि लावलात, तर उजाडताच पाहायला जा. इतक्या लवकर कशाला, असं कोणी ना कोणी विचारतंच. मी काही बोलायच्या आत जुना स्टाफ मागून सांगतो, ही इथली वेळच आहे, 'बाबा टाइम'.