‘बरा होता’ म्हणणारा नवरा

खुर्शीदभाभी पुस्तक परत करायला आल्या की मी हातातलं काम बाजूला ठेवते. रत्नागिरीतल्या आमच्या वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर मी बरीच वर्षं बसते आहे. पुस्तकं मुकाट्याने आणून टाकणारे वाचक खूप. भाभींचं पुस्तक टेबलावर टेकण्याआधीच निकाल सुरू झालेला असतो.

"ताई, ही बाई पहिल्या पानापासून खिडकीत उभी आहे नवऱ्याची वाट बघत. हिच्या घरात भाकऱ्या कोण भाजतं?"

किंवा, "लेखकाला समुद्र आवडतो, कळलं. म्हणून दर प्रकरणात सूर्य बुडवायचा? आमच्याकडे रोज बुडतो, कोण बघायला जात नाय."

गेल्या वर्षी दिवाळीच्या आसपास मात्र त्या यायच्या आणि काही बोलायच्याच नाहीत. कपाटांमधून नुसत्या फिरायच्या. एक पुस्तक काढायचं, उभ्याउभ्या चार पानं चाळायची, परत ठेवायचं, दुसरं काढायचं. आज नेलेलं उद्या परत. एकदा तर फाटकापर्यंत जाऊन परत आल्या आणि म्हणाल्या, "हे नको, दुसरं द्या."

"भाभी, वाचायला घेतलं तरी होतंत का?" मी विचारलं.

"नाय. घरात बसवतच नाय."

"का? आता तर फारुकभाई कायमचे आलेत."

"म्हणून तर," असं म्हणून त्यांनी खुर्ची ओढली आणि बसल्या. पुढचं सगळं मला तेव्हापासून तुकड्यातुकड्याने कळत गेलं.

फारुकभाई दोहाच्या बंदरात क्रेन चालवायचे. लग्न झालं आणि महिन्याभरात ते गेले. तेव्हा रत्नागिरीजवळ कर्ल्याला त्यांच्या घरी फोन नव्हता. आखातातून कुणी सुट्टीवर आलं की त्याच्यासोबत कॅसेट यायची, तो परत निघाला की इकडून भरलेली कॅसेट जायची. टेप सुरू केला की सासूबाई शेजारी येऊन बसायच्या. त्यांच्यासमोर नवऱ्याशी बोलणार काय? म्हणून भाभींनी सिनेमा सांगायला सुरुवात केली. शेजारी व्हिडिओवर पाहिलेला सिनेमा पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायचा आणि वर आपलं मत द्यायचं. सासूबाईंना हरकत घेण्यासारखं त्यात काही नव्हतं. "आणि मला जे बोलायचं ते त्या हिरॉइनच्या नावाने बोलता यायचं," असं भाभींनी मला सांगितलं तेव्हा त्या थोड्या लाजल्या.

फारुकभाईही गडी तसाच. तोच सिनेमा कामगारांच्या कॅम्पवर कुणाकडून तरी मिळवायचे, पाहायचे आणि उलट मत पाठवायचे. भाभींना रडका सिनेमा आवडला की ह्यांना हमखास आवडायचा नाही. एका सिनेमात आखातातला कामगार दाखवला होता. "हा हीरो पॉलिश केलेले बूट घालून क्रेनवर चढतो," फारुकभाईंनी कळवलं होतं. "दिग्दर्शकाने शिडी बघितली तरी आहे काय?" गाण्यांवरून तर कायमचं वाजायचं. कव्वालीवेड्या फारुकभाईंना आधी पाच मिनिटं सारंगी वाजावी, मग गायकाने तोंड उघडावं असं वाटायचं. भाभी म्हणायच्या, "तुमचं गाणं सुरू होईस्तोवर माझं कालवण करपतं."

कॅसेटी गेल्या, फोन आले, मग मोबाईलवर आवाज भरून पाठवायची सोय झाली. मत आज गेलं की उद्या उत्तर यायचं. मुलगी लायबा ह्याच आवाजांत वाढली. आईबापाचं लांबून चाललेलं भांडण ऐकत जेवायची. ती आता पुण्यात नोकरी करते. वडील कायमचे येणार म्हटल्यावर तिने भिंतभर टीव्ही आणि मऊ सोफा घेऊन दिला. "आता एकत्र बसून बघा," म्हणाली.

बसले. पहिल्याच संध्याकाळी सिनेमा लावला. दहा मिनिटांत फारुकभाई पंप बंद केलाय का ते बघायला उठले. परत आले, मोबाईल बघितला. मग माडावरच्या शहाळ्यांची त्यांना आठवण झाली. मध्यंतरापर्यंत भाभींचं सिनेमावरून मन उडालं होतं, तरी संपल्यावर त्यांनी आशेने विचारलं, "कसा होता?"

"बरा होता," फारुकभाई म्हणाले आणि अंगणात गेले.

दुसऱ्या दिवशी दुसरा सिनेमा. "बरा होता." जुनी गाणी लावली. "बरी आहेत." भाभींनी मुद्दाम त्यांची नावडती गाणी लावून बघितली. तीही बरीच निघाली.

फारुकभाईंना घरात चैन पडेना. सकाळी उठून भाट्याच्या पुलापर्यंत चालत जायचे. दुपारी स्कूटर काढून हातखंब्याला चुलतभावाच्या गॅरेजवर जायचे आणि तिथे बाकावर बसून हायवेवरून जाणारे कंटेनर बघायचे. घरी आले की फाटकाची कडी तपासायचे, मग गच्चीवर जायचे, मग परत खाली. भाभी इकडे वाचनालयात फेऱ्या घालायच्या. "एकाच घरात दोन माणसं," त्या म्हणाल्या, "आणि दोघं बाहेर जायला कारण शोधतात."

मला त्या वेळी एकच सुचलं. आमच्याकडे दर महिन्याला वाचकांची बैठक असते; एकाने पुस्तकावर बोलायचं, बाकीच्यांनी चर्चा करायची. मी भाभींना बोलायला सांगितलं. आधी नाही म्हणाल्या. दोन दिवसांनी येऊन म्हणाल्या, "कुठलं पुस्तक?"

त्यांनी निवडलेली कादंबरी एका खलाशाच्या बायकोची होती. नवरा वर्षानुवर्षं बोटीवर, तिकडे त्याने दुसरं घर केलेलं, ही इकडे जळत राहते. बैठकीला माणसं बऱ्यापैकी जमली होती. भाभी सुरुवातीला इतक्या भरभर बोलल्या की मी पाण्याचा ग्लास पुढे केला. पाणी प्यायल्या आणि मग त्यांचा नेहमीचा सूर लागला.

"लेखकाने सोपा रस्ता घेतलाय," त्या म्हणाल्या. "नवऱ्याला वाईट करून टाकला. मग बायकोला रागवायला मोकळीक. पण माणूस चांगला असला, वेळेवर फोन करणारा असला, आणि तरी लांब असला, तर बाईने रागवायचं कुणावर? तिला रागवायला जागाच नाय. ती गोष्ट जास्त अवघड. ती ह्याने लिहिली नाय."

नंतर निवृत्त प्राध्यापक असलेल्या एका वाचकांनी आक्षेप घेतला. लेखकाने जी गोष्ट लिहिलीच नाही तिच्यावरून त्याला दोषी कसं धरायचं, असं त्यांचं म्हणणं होतं. "ते पण खरंच," भाभी म्हणाल्या आणि खाली बसल्या. टाळ्या चांगल्या पडल्या.

मी दाराकडे पाहिलं तर फारुकभाई उभे होते. भाभींना न्यायला आले होते आणि कधीपासून उभे होते कोण जाणे. मी हसून "या" म्हटलं. ते हसले नाहीत.

वाटेत राजिवड्यात स्कूटर थांबवून मासळी घ्यायची ठरली होती, ती त्यांनी घेतलीच नाही. घरी पोचल्यावर भाभींनी चहा ठेवला आणि म्हणाल्या, "एवढं काय वाईट बोलले मी?"

"वाईट नाय बोललीस. चांगलं बोललीस," फारुकभाई म्हणाले. "पण ते मला सांगायचं होतंस. तिथे सगळ्यांना सांगितलंस, आणि मी दारात उभा राहून ऐकतोय, पाहुण्यासारखा."

"तुमाला सांगायचं? तुमी काय म्हणाला असतात? बरं आहे म्हणाला असतात!" भाभींचा आवाज चढला. "आलात तेव्हापासून मी ‘बरा होता’ ऐकते आहे. तिकडे होतात तेव्हा एकेका गाण्यावर अर्धा अर्धा तास बोलायचात. इथे आल्यावर सगळं संपलं?"

फारुकभाई उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले. मग म्हणाले, "तिकडे तुझा आवाज मी सकाळी ऐकायचो आणि वर चढायचो. केबिनमध्ये दिवसभर एकटा. खाली माणसं मुंगीएवढी. माल उचलताना, ठेवताना डोक्यात तुझंच बोलणं चालायचं. हिला काय उत्तर द्यायचं, कसं द्यायचं. संध्याकाळपर्यंत जुळायचं. इथे सिनेमा संपतो आणि तू लगेच तोंडाकडे बघतेस. मला काय सुचतच नाय, खुर्शीद. मग बरा होता म्हणतो."

भाभींनी हे मला सांगितलं तेव्हा त्यांच्या हातातलं पुस्तक त्या सारख्या उघडत-मिटत होत्या. त्यांना नवऱ्याची दया आली होती आणि राग गेला नव्हता. त्याच वेळी घरी फारुकभाईंनी दुसरी गोष्टही सांगितली होती. मुंबईच्या एजंटचा फोन आला होता. पूर्वीच्याच कंपनीत एक वर्षाचं काम होतं. त्यांनी हो म्हणून टाकलं होतं. फक्त तब्येतीची तपासणी बाकी होती.

"मला विचारलं नाय," भाभी म्हणाल्या. "आणि मी पण ‘जाऊ नका’ म्हटलं नाय. ‘जायचं तर जा’ म्हटलं."

पुढचे दिवस त्यांच्या घरात कसे गेले असतील ते भाभींच्या तोंडावर दिसत होतं. लायबा फोनवरून एकदा आईला समजवायची, एकदा बापाला. फारुकभाईंनी जुनी बॅग गच्चीवर उन्हात टाकली. भाभींनी ती आत आणली, त्यांनी परत टाकली.

ते मुंबईला गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भाभी माझ्यासमोर बसल्या होत्या. बसल्या म्हणजे काय, दर दोन मिनिटांनी उठत होत्या. इतक्यात फोन वाजला.

"तपासणीला बसलोय," फारुकभाई म्हणाले. भाभींच्या फोनचा आवाज नेहमीच मोठा, त्यामुळे मलाही ऐकू येत होतं. "इथे टीव्हीवर एक गाणं लागलंय. इतकं वाईट गाणं मी जन्मात ऐकलं नाय."

"मग बंद करायला सांगा."

"लायनीत आहे. तू ऐक जरा."

त्यांनी फोन टीव्हीकडे धरला असावा. खरखरीतून बाईचा चिरका आवाज आणि मागे ढोल. भाभींनी नाक मुरडत ऐकलं. "चाल वाईट नाय," त्या म्हणाल्या. "बाई बेसूर आहे. दुसरी कोणी गायली असती तर बरं लागलं असतं."

"चाल वाईट नाय? तुझे कान तपासून घे! एकच ओळ चौदा वेळा म्हणते ती."

"कव्वालीत तुमचा गवई किती वेळा म्हणतो? तेव्हा मान डोलवता ती?"

आमच्या वाचनालयात शांतता पाळा असं लिहिलेलं आहे. मी त्या पाटीकडे बघितलंसुद्धा नाही. पलीकडून कुणीतरी फारुकभाईंचं नाव पुकारलेलं ऐकू आलं. ते "एक मिनट" म्हणाले आणि कव्वालीवर बोलत राहिले. परत नाव पुकारलं. मग पुकारणाराही थांबला असावा. भाभींनी मधेच त्यांना तोडलं. "तुमाला बोलावतायत," त्या म्हणाल्या.

"गेला नंबर," फारुकभाई म्हणाले. "परत लायनीत उभं राहायला सांगतायत."

"मग?"

"बघतो," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने ते घरी आले. तपासणी केली नव्हती. बॅगेतले कपडे त्यांनी स्वतः कपाटात लावले.

म्हणून सगळं सुरळीत झालं असं नाही. घरात बसणं त्यांना जमत नव्हतंच. जयगडच्या बाजूला एका यार्डात क्रेन शिकवायला माणूस हवा होता, ते काम त्यांनी धरलं. सकाळी डबा घेऊन जातात, संध्याकाळी येतात. काल पाहिलेल्या सिनेमावर आज जेवताना बोलतात. कधी बोलतात, कधी दमलेले असतात आणि ताटावरच पेंगतात. भाभींना त्याचाही राग येतो. "आज माझ्याकडे केवढं होतं सांगायला," त्या म्हणतात, "आणि हा माणूस घोरतोय."

भाभींचं बैठकीतलं बोलणं कानावर गेल्यावर हेदवीच्या वाचकांनी त्यांना बोलावलं. तिथल्याच एका लेखिकेचं कथांचं पहिलं पुस्तक होतं, त्यावर बोलायचं होतं. रविवार होता, फारुकभाई सोबत गेले. जाताना-येताना खाडी ओलांडायला गाड्या-माणसं नेणारी जयगडची फेरीबोट. परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी भाभी वाचनालयात हजर.

"कसं झालं?" मी विचारलं.

"झालं चांगलं. सगळे खूश. लेखिकेची आई रडली." त्या खुर्चीवर बसल्या, उठल्या, खिडकीशी गेल्या. "पण फेरीबोटीवर हे मला म्हणाले, तू आज खोटं बोललीस. तुला ते पुस्तक आवडलं नव्हतं. लेखिकेची आई पहिल्या रांगेत दिसली आणि तू गोड बोललीस. बोटीवर, सगळ्यांच्या समोर, मोठ्याने म्हणाले."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी गाड्यांच्या पलीकडे जाऊन उभी राहिले. जयगड येईस्तोवर." त्यांनी पदराने कपाळ पुसलं. "पण ताई, मी खोटं बोलले की नाय तेच मला कळेना झालंय. वाचलं तेव्हा वाटलं होतं, पाणचट आहे, कालवणात मीठ नाय. मग तिथे बोलायला लागले आणि बोलताबोलता त्यातली एक गोष्ट मला खरंच आवडायला लागली. की मीच ती आवडून घेतली? रात्रभर ह्या कुशीवरून त्या कुशीवर."

"फारुकभाईंना हे सांगितलंत?"

"अजून नाय. आज संध्याकाळी येतील तेव्हा बघू." मग त्या टेबलावर वाकल्या. "ते पुस्तक आहे ना आपल्याकडे? द्या परत. पहिल्यापासून वाचते."

मी नोंद करेपर्यंत त्यांना धीर नव्हता. उभ्याउभ्याच त्यांनी पहिलं पान उघडलं होतं.