आईच्या लुगड्याचा हिरवा

आई गेली तेव्हा मी दीड वर्षाचा होतो. घरात तिचा एकच फोटो, तोही काळा-पांढरा, जत्रेत काढलेला. नव्वदच्या दशकात बारामतीच्या एसटी स्टँडजवळ मी फोटो दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि ठरवलं, या फोटोत रंग भरायचे. ते रंग ठाऊक होते फक्त आबांना, माझ्या वडलांना.

त्यासाठी पुण्यातल्या एका बंद पडलेल्या ऑफिसातून मोठा कॉम्प्युटर आणला. त्याचा प्रोसेसर आपल्याकडच्या सगळ्या मशीनपेक्षा वेगळ्या जातीचा, म्हणून मी मित्रांत मिरवलोही. पण पडद्यावर सोळाच्या वर रंग दिसेनात. रंग दाखवायचं काम ग्राफिक्स कार्डाचं, आणि त्या कार्डाला चालवणारा ड्रायव्हर नावाचा प्रोग्रॅम लागतो. मी कार्डाचं नाव बघून सीडीवरून ड्रायव्हर चढवायचो, मशीन बंद करून चालू करायचो, की पुन्हा तेच सोळा रंग. आईच्या गालावर रंग भरावा तर नुसते ठिपकेच ठिपके.

आबा सणसरहून दर बाजाराला यायचे आणि माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसायचे.

"लुगडं हिरवं होतं, एवढं पुरे की," मी म्हणायचो.

"हिरवं म्हंजी कंचं? पोपटी न्हाय, चुड्याचं बी न्हाय. तू दाव, मी सांगतो."

आबांच्या तरुणपणी घरात मेंढरं होती. एकदा पडद्याकडं बघत म्हणाले, "कोकरू दुसऱ्याच मेंढीला लावलं तर ती लाथाडती. तुझं बी तसंच झालंय का बघ."

माझा राग कायम नाकाच्या शेंड्यावर. म्हणालो, "आबा, ही काय मेंढरं न्हाईत. मशीन झालं की मीच निरोप धाडीन, तवर येऊ नका."

"बरं," म्हणाले, पिशवी उचलली आणि गेले. पुढचे दोन बाजार आले नाहीत. कटकट टळली म्हणून मला बरंच वाटलं, हे लिहायची आज लाज वाटते.

तिसऱ्या आठवड्यात निरोप आला तो सणसरहूनच. उसाला पाणी देता देता आबा सरीत बसले, ते उठलेच नाहीत.

दहावा उरकून दुकान उघडलं. दुसरं काही सुचेना म्हणून सीडी लावली आणि पहिल्यांदाच ती नीट वाचली. ड्रायव्हरचे चार फोल्डर होते, एकेका प्रोसेसरसाठी एकेक. आमच्या भागातली सगळी मशीनं पहिल्या फोल्डरवर चालायची, म्हणून सवयीनं मी तिथूनच उचलत आलो होतो. कार्ड तेच, ड्रायव्हरचं नावही तेच, पण तो भलत्याच प्रोसेसरसाठी बनवलेला. माझ्या मशीनचा ड्रायव्हर शेजारच्या फोल्डरात होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा. आबांना कॉम्प्युटरातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी दुखणं त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

पाच मिनिटांत काम झालं. पडद्यावर एक कोटी सदुसष्ट लाख रंग आले. मी आईच्या लुगड्यावर एक हिरवा लावला, पुसला, दुसरा लावला. पोपटी नाही, चुड्याचाही नाही, एवढंच मला माहीत होतं. त्या दोहोंच्या मध्ये शेकडो हिरवे होते आणि त्यातला प्रत्येक मला खराच वाटत होता. संध्याकाळपर्यंत लावत बसलो. शेवटी सगळे पुसले आणि आईचं लुगडं राखाडीच ठेवलं.