मोगऱ्याला घातलेलं पाणी

नोकरीतली कितीतरी प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. आरोपी एका गुन्ह्यातला आठवतो आणि ठाणं दुसरंच. पण चौकीच्या टेबलावर एका कामगाराने रुमालातून मूठभर मोगरा आणून ओतला होता, ते प्रकरण मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत जसंच्या तसं डोळ्यांपुढे उभं राहतं.

बहात्तरच्या दुष्काळाला लागून आलेला तो उन्हाळा. मी पिंपरीच्या बाजूला एका लहान चौकीवर फौजदार होतो. हाताखाली एक हवालदार आणि चार शिपाई. नगरपालिकेने हुकूम काढला होता की नळाचं पाणी बागेला घालायचं नाही, गाड्या धुवायच्या नाहीत, अंगणात सडा मारायचा नाही. सकाळची हजेरी झाली की दोन शिपाई टँकरच्या बंदोबस्ताला जात, एक सार्वजनिक नळावर. चौकीतल्या माठावर हवालदारांचा पहारा असे. येणाऱ्याला अर्धा पेला पाणी, फौजदारालाही अर्धाच.

त्या दिवसांत उन्हामुळे सगळंच थोडं अंधुक दिसे. डांबरी रस्ता लांबवर पाण्यासारखा हलायचा. कारखान्यांची घरघर इतकी सवयीची झाली होती की ती ऐकू येईनाशी झाली होती. दुपारी जबाब लिहिताना मला कधी कधी वाटे, आपण झोपेत लिहितो आहोत.

अशा एका सकाळी रात्रपाळी संपवून एक कामगार चौकीत आला. मराठवाड्यातून येऊन लेथवर लागलेला, तिशीचा माणूस. आदल्या दिवशी नळावरच्या भांडणात त्याच्या बायकोच्या कपाळावर कुणाची तरी घागर बसली होती, चार टाके पडले होते. ती तक्रार आम्ही नोंदवलीही होती. त्याने रुमाल सोडला आणि फुलं टेबलावर ओतली. टपोरी, पांढरीशुभ्र, दहिवराने भिजल्यासारखी. चौकीभर तो वास पसरला. कित्येक महिन्यांत कुणी ताजं फूल पाहिलं नव्हतं.

"साहेब," तो म्हणाला, "कंपनीच्या अतिथिगृहाच्या कुंपणावरून तोडलीत. माझी बायको घागरीसाठी रक्त सांडते आणि तिथं मोगरा फुलतो. एवढं बघा तुम्ही."

फुलं कुठे नोंदवायची हा हवालदारांना प्रश्न पडला. शेवटी त्यांनी स्टेशन डायरीत 'मोगऱ्याची फुले, अंदाजे एक मूठ' असं लिहिलं आणि ती पाण्यात ठेवावीत का, असं विचारलं. मी नको म्हणालो.

आम्ही तासाभरात अतिथिगृहावर पोहोचलो. पुढची हिरवळ पिवळी पडून गेली होती. बागेच्या नळाला नगरपालिकेचं लाखेचं सील होतं आणि ते कुणी छेडलेलं नव्हतं. पण इमारतीच्या मागे, अवजारांच्या पत्र्याच्या खोलीजवळ, मोगऱ्याची रांग, दोन चाफे आणि कोथिंबिरीचा एक वाफा हिरवागार उभा होता. माती ओली होती. मी बोट खुपसलं तर पहिल्या पेरापर्यंत गार लागलं. तिथेच साठीचा माळी खुरपं घेऊन बसला होता. पाणी कुठून आणलंस म्हणून विचारल्यावर तो उठून उभा राहिला.

"पानी मी घातलं सायेब. चोरी न्हाई केली."

याच्यापलीकडे तो काही बोलला नाही. त्याला आणि त्याची बादली-दोर घेऊन आम्ही चौकीत आलो.

चौकशीचा माझा अनुभव असा की खोटं बोलणारा माणूस फार बोलतो. न विचारलेलंही सांगतो, जागा आणि वेळा पुरवतो. हा माळी बाकावर ताठ बसून होता. धमकावलं, समजावलं, अर्धा पेला पाणी पुढे केलं. त्याने पाणी परत सरकवलं आणि म्हणाला, बाहेर लोक तहानलेले आहेत, त्यांना द्या.

बाहेर खरोखरच लोक जमले होते. लेथवाल्याने वस्तीत सांगितलं असावं. दुपारी बारापर्यंत दीडशे-दोनशे बायामाणसं चौकीसमोर आली, रिकाम्या घागरी घेऊन. कुणी ओरडत नव्हतं. आरडाओरडा करणारा जमाव मला परिचयाचा होता, पण या शांततेची भीती वाटली. हा माणूस सुटून बाहेर पडला तर त्याचं काय होईल सांगता येत नव्हतं, आणि आत ठेवला तर चौकीचं काय होईल तेही. मी ठाण्याला जादा कुमक मागवली. ती यायला दोन तास लागतील असं उत्तर आलं.

मी विचार करत खिडकीपाशी उभा राहिलो. गजाला मुद्देमालाचा दोर अडकवला होता आणि त्याच्याखाली फरशीवर पाण्याची रेघ तयार झाली होती. मी दोर हातात घेतला आणि हाताहाताने मोजत गेलो. चांगला लांब दोर होता आणि टोकापासून टोकापर्यंत भिजलेला. नळाखाली बादली भरणाऱ्याला दोर लागतच नाही. एवढा दोर सबंध भिजतो तो एकाच ठिकाणी.

त्या आवारात विहीर नव्हती. निदान आज नव्हती. मी हवालदारांना सायकलवरून तलाठ्याकडे पिटाळलं. ते परत आले तेव्हा त्यांच्या कागदावर अतिथिगृहाच्या जागेचा जुना सर्व्हे नंबर होता, त्यात एक विहीर होती, आणि जमीन कंपनीसाठी संपादन झाल्यावर तिच्यापुढे 'बुजवली' असा शेरा होता. जुन्या मालकाचं नाव मी वाचलं आणि माळ्याकडे पाहिलं. डायरीत त्याच्या नावापुढे लिहिलेलं वडिलांचं नाव तेच होतं. तो स्वतःच्याच शेतात माळी होता.

मी खुर्ची त्याच्या बाकाजवळ ओढली. "बाबा, विहीर किती खोल आहे?"

त्याने दोराकडे पाहिलं. मग म्हणाला, "सात परस."

त्यानंतर तो थांबला नाही. सात पुरुष खोलीची ती विहीर त्याच्या आईबापांनी दोघांनीच खणली होती. बाप खाली फोडायचा, आई वर माती ओढायची. जमीन गेली, त्याला माळ्याचं काम मिळालं, आणि पहिलं काम विहीर बुजवायचं लागलं. पहिल्या दिवशी त्याने राडारोडा आत लोटला. दगड पाण्यावर आदळल्याचा आवाज त्याला घरी जेवतानाही येत राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने विहिरीच्या तोंडावर जुनी लाकडी तुळवटं आडवी टाकली, वर फरश्या, वर माती, आणि मुकादमाला सांगितलं की भरली. अवजारांची खोली त्याने मुद्दाम तिच्यावरच मागून घेतली.

"जित्या पान्यावर दगड टाकवंना सायेब."

मग आता, एवढ्या टंचाईत का सांगितलं नाहीस, असं मी विचारलं. तो म्हणाला की नोकरी जाईल ही एक भीती. दुसरी अशी की कंपनी आधी विहीर बुजवील आणि मग विचार करील. ते पाणी तो मोगऱ्याला घालायचा, कारण उपसल्याशिवाय त्याला राहवत नव्हतं, आणि झाडं कुणाला सांगत नाहीत.

मी बाहेर जाऊन जमावाला खरं तेच सांगितलं. लेथवाल्याला आणि त्याच्या बायकोला पंच म्हणून बरोबर घेतलं आणि बाकीच्यांना कुंपणाबाहेर थांबायला सांगितलं. ते थांबले.

पत्र्याच्या खोलीतली अवजारं काढली, फरश्या उचलल्या. तुळवट बाजूला झालं आणि खालून गार हवेचा असा श्वास वर आला की त्या बाईने डोळे मिटले. पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे कवडसे आत पडत होते. त्यातला एक थेट खाली गेला आणि तळाशी पाणी हललं. हिरवं, शांत पाणी. त्याचा उजेड आमच्या तोंडांवर थरथरत राहिला. हवालदार काहीतरी बोलले ते कुजबुजत. माळी कडेला गुडघ्यावर बसला आणि आत वाकून म्हणाला,

"आये, मानसं आली गं."

आवाज खाली गेला आणि सावकाश वर आला. मी पंचनामा लिहायला घेतला होता. 

एवढ्यात कंपनीचे व्यवस्थापक आले. जागा खाजगी आहे, विहीर धोक्याची आहे, ती आजच बंद करावी लागेल, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना तलाठ्याचा कागद दाखवला. "तुमच्या दप्तरी इथं विहीर नाही साहेब. नसलेली विहीर बंद करायची, तर आधी ती आहे असं लिहून द्या. मग नसल्याचं कुणी लिहिलं तेही विचारावं लागेल." ते सज्जन गृहस्थ होते. कुंपणाबाहेरच्या घागरींकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि टोपी काढून कपाळ पुसत बसले. माळ्याची नोकरी राहिली.

पाणी तपासून आलं, त्यात औषध पडलं आणि पाऊस लागेपर्यंत वस्ती त्या विहिरीवर जगली. रांग माळीच लावायचा. त्याने झाडांना पाणी घालणं स्वतःहून बंद केलं. मोगरा पंधरा दिवसांत वाळला. पुढे काही वर्षांनी तिथे नवी इमारत झाली आणि विहीर खरोखर बुजली असं मी बदलीच्या गावी ऐकलं. तेव्हा तो हयात नव्हता.

हुकूम नळाच्या पाण्यापुरता होता, म्हणून गुन्हा झालाच नव्हता. विहीर उघडली त्याच संध्याकाळी मी तसा शेरा लिहिला आणि माळ्याला त्याचा जबाब वाचून दाखवला. त्याने सगळा ऐकला आणि म्हणाला की एक गोष्ट राहिली.

"त्या नळावरची रांग मी रोज बघायचो. त्या बाईचं डोकं फुटलं तवा मी रस्त्याच्या पल्याड हुतो. तरी बोललो न्हाई. ते बी लिवा."

मी म्हणालो, बाबा, त्यात काही गुन्हा नाही.

"गुन्हा न्हाई म्हनून तर लिवा सायेब. न्हाईतर ते कुटं लिवनार?"

मी लिहिलं. त्याने खाली अंगठा उठवला. कायद्याने तो मजकूर निरुपयोगी होता, वरिष्ठांनी त्यावर लाल रेघ मारून विचारणाही केली. पुढच्या सगळ्या नोकरीत जबाब संपला की मी पेन खाली ठेवत नसे. समोरच्याला विचारत असे, अजून काही लिहायचं आहे का. बहुतेक जण नाही म्हणत. काही जण मात्र खाली बघत, आणि मग बोलू लागत.