स्वल्प घासतंय

उभ्या बेंगळुरात माझ्या थोरल्या साडूंच्या कानातून सुटलेला एकही ब्रेक नसेल. मी पुण्याहून नोकरीसाठी इथे आलो, इथल्याच तीन-चारशे वर्षं मुरलेल्या मराठी घरातली मुलगी केली आणि आहेरात हे साडू मिळाले. सगळे त्यांना अण्णा म्हणत. सिग्नलला शेजारी स्कूटर उभी राहिली की अण्णा मान तिरकी करत, डोळे मिटत आणि अनोळखी माणसाला हळहळून सांगत, "स्वल्प घासतंय हो." हे 'स्वल्प' त्यांनी कानडीतून घेतलं होतं आणि ते कशालाही लावत. रामनवमीच्या मंडपात एका नामवंत गवयाचा षड्ज लागल्या लागल्या ते माझ्या कानात पुटपुटले, "गळा स्वल्प घासतोय." मी हसू दाबलं, पण गवयाच्या सासऱ्यांनी पुढच्या रांगेतून वळून पाहिलंच.

अण्णांची बायको, म्हणजे माझी मेहुणी अक्का, गुडघ्यांनी बेजार होती. त्यांचं बसवनगुडीतलं घर उताराच्या माथ्यावर. खाली बाजारात उतरायचं म्हटलं की परत चढायची धास्ती, म्हणून ती वर्षानुवर्षं घरातच. त्यावर अण्णांनी काढलेला तोडगा म्हणजे विजेवर चालणारी सायकल. नव्वदच्या दशकात असली सायकल आमच्यापैकी कुणी डोळ्यांनी पाहिली नव्हती. मोटार आणि बॅटऱ्या त्यांनी सहज जमवल्या. होसकोट्याच्या भंगारवाल्याकडून एका मोडक्या परदेशी मोटारसायकलचा तेलावर चालणारा डिस्क ब्रेक मात्र ते असा घेऊन आले, की अक्काला वाटलं कुणाचं तान्हं मूलच आणलं. मांडीवर, पंच्यात गुंडाळून!

हॉलमधला झोपाळा उतरला आणि त्याच्या कड्यांना सायकल टांगली गेली. ब्रेकच्या तेलात कुठेतरी हवेचा बुडबुडा अडकला होता. तो नळीतून बाहेर काढेपर्यंत घरात आल्यागेल्याला पाण्याआधी ब्रेकची दांडी हातात मिळे. "दाबा. धरा. सोडू नका... हां, आता सोडा." दूधवाल्यानं दाबला, मी दाबला, सत्यनारायणाला आलेल्या गुरुजींनी सोवळ्यात दाबला. बुडबुडा गेला तर चकती पॅडला घासू लागली. मग चाक काढून पुन्हा सगळं पहिल्यापासून.

अशा वेळी त्यांच्या मुलीला बघायला बेळगावची मंडळी आली. अक्कानं सायकलवर चादर टाकली होती. केसरीबात, म्हणजे इथला केशरी शिरा, झाला, कॉफी आली आणि मुलाच्या वडिलांना चादरीखालून डोकावणारी दांडी दिसली. लहान मुलाचा गाल ओढावा तशी त्यांनी ती सहज दाबली.

"हात सोडा!" अण्णा किंचाळले. "चाक नसताना दाबायचं नसतं! आत चकती नाही. दोन्ही पॅड मिठी मारून बसले की हो!"

अक्कानं डोळे मिटून घेतले. स्थळ हातचं गेलं याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही.

"मग आता?" मुलाच्या वडिलांनी पडेल आवाजात विचारलं.

"आता काय? मध्ये घालून पॅड फाकवायचे. अगं, लाकडी उलथणं आण!"

ते गृहस्थ कडक इस्त्रीच्या सफारीसकट खाली बसले. "इकडून धरू का?"

"धरा. हळू. पॅडला तेलकट हात लावू नका."

दोघांची डोकी एकमेकांना चिकटली. मुलाची आई म्हणाली, "घरी साधा दिवा बदलत नाहीत हे!" पण तीही खुर्ची पुढे ओढून बघू लागली. तासाभरानं "सुटले!" अशी दोन आवाजांत आरोळी उठली, तेव्हा कुठे आम्हाला मुलामुलीची आठवण झाली. दोघं बाहेर पायरीवर बसून मनसोक्त हसत होती. वडीलधाऱ्यांनी इतकं मोकळं सोडलेलं स्थळ मी पुन्हा पाहिलं नाही. लग्न तिथेच ठरलं.

मुलगी बेळगावला गेली आणि घर एकदम गप्प झालं. सायकल तयार होती. ब्रेक दाबताच मोटार बंद पडे, चाक जागच्या जागी थांबे, आवाजाचं नाव नव्हतं. तरी अक्कानं विचारलं की अण्णा म्हणत, "उद्या. स्वल्प बघायचंय." महिने गेले. मी जाऊन एकदा सरळ विचारलं, "अण्णा, आता काय राहिलंय?" ते उताराच्या खालच्या वळणाकडे बघत राहिले, मग पुन्हा ब्रेक दाबून पाहू लागले.

एका सकाळी मी त्यांच्याकडे गेलो होतो. अण्णा आंघोळीला गेले असताना अक्कानं पदर खोचला, मला डोळ्यांनी गप्प केलं आणि सायकल फाटकाबाहेर काढली. अण्णा ओल्या पंच्यानिशी धावत आले तोवर ती अर्ध्या उतारावर होती. खालच्या वळणाला वेग कमी झाला, पाय टेकला, तिनं दोन्हीकडे पाहिलं आणि गांधी बाजाराच्या दिशेनं नाहीशी झाली.

अण्णा फाटकाशी मान तिरकी करून उभे. पंच्यातून पाणी ठिबकत होतं. "आत चला," मी म्हटलं. त्यांना ऐकूच गेलं नाही. किती वेळ गेला कोण जाणे. मग अक्का चढावरून सावकाश वर आली. पिशवीत कोथिंबीर, केसांत मोगरा, चेहरा लाल.

"गुडघा दुखला काय गं?" अण्णांनी विचारलं.

"ब्रेकचं विचारा की!"

"राहू दे ते." आवाज त्यांचाच, पण मी तो पूर्वी ऐकला नव्हता. "बाजारात कोण कोण भेटलं?"

अक्का सांगू लागली. फुलवालीनं ओळखलं, म्हणाली, कुठे होतीस इतकी वर्षं. सांगता सांगता ती आत गेली, बोलणं स्वयंपाकघरातून ऐकू येत राहिलं. अण्णा तिथेच, सायकलच्या तापलेल्या सीटवर हात ठेवून, ऐकत उभे राहिले.