सोनिवलीच्या खाणीतले सहा दगड

बदलापूरला कोणी फिरायला जातं का, असं वडिलांनी विचारलं होतं. खरं तर मी फिरायला नव्हे, धाकट्या बहिणीचा हमाल म्हणून निघालो होतो. सुनंदा भूशास्त्राच्या एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती आणि प्रबंधासाठी तिला तिकडच्या काळ्या दगडाचे सहा नमुने हवे होते. दगडातलं चुंबकत्व मोजायचं यंत्र एका दूरच्या प्रयोगशाळेत तिला फक्त सोमवारी मिळणार होतं. तो दिवस हुकला की वर्ष गेलं. गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या शेवटाची, त्यामुळे यातली भाडी आज तुमच्या कामाची नाहीत. उल्हासनगरच्या गाडीवरच्या डाळ-पक्वानाची शिफारस मात्र अजून कायम आहे.

गुरुवारी सकाळी नाशिकहून गाडीनं कल्याण आणि तिथून रिक्षानं उल्हासनगर गाठलं. दगड खडकातून सोडवण्याआधी त्यावर उत्तरेचा बाण आणि आडवी पातळी काढावी लागते, तीही न पुसणाऱ्या रंगानं. रंगाचं काम माझ्याकडे होतं. सुनंदा समोरच्या दुकानात गोणपाट बघत होती. मला भूक लागली होती आणि पलीकडच्या गाडीवर डाळीला फोडणी पडत होती. ऑइल पेंट महाग वाटला म्हणून मी खडूची पेटी मागितली. सिंधी दुकानदार म्हणाला, "भाई, चॉक पानी में नहीं टिकेगा." जानेवारीत कुठला पाऊस, असं त्याला सांगून मी खाऊन आलो. सुनंदाला सांगितलं, रंग मिळाला नाही.

अंबरनाथला शिवमंदिर चुकवू नका, अर्धा दिवस काढा. आम्ही अर्धा तासच काढला. तेही याच काळ्या दगडाचं आहे, आणि सुनंदा मूर्तींपेक्षा दगडच जास्त बघत होती. बदलापूर स्टेशनवरून तीन रुपयांत टांग्यानं मांजर्लीला आत्याकडे उतरलो. आत्या अंबरनाथच्या एका कारखान्यात कामाला जायची. घर दोन खोल्यांचं, आणि कमालीचं स्वच्छ.

शुक्रवारी सोनिवलीच्या पुढच्या खाणीत धर्मा नावाच्या पाथरवटानं आम्हाला सहा दगड सोडवून दिले. छिन्नी लावण्याआधी सुनंदा होकायंत्र धरून प्रत्येकावर खडूनं बाण काढायची. शनिवारी दुपारी खाणीच्या त्याच भिंतीला सुरुंग लागणार होता.

संध्याकाळी जेवताना आत्यानं विचारलं, हे दगड नेऊन करायचं काय? सुनंदा म्हणाली, जमीन सरकते, त्याचा हा पुरावा. आत्याला ते काही पटेना. तेव्हा सुनंदानं ताटातली भाकरी मोडली. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका यांच्या कडा अशा जुळतात. पण नुसत्या कडा जुळून भागत नाही. भाकरीवरचा करपलेला डाग जसा या तुकड्यावरून त्या तुकड्यावर सलग जातो, तसे दोन्हीकडचे खडक आणि जुन्या प्राण्यांचे सांगाडेही जुळतात. आणि लाव्हा थिजताना त्यातले लोहाचे कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकत्वाप्रमाणे कलून बसतात ते कायमचे. आडव्या पातळीपासून किती कलले यावरून ती जागा विषुववृत्तापासून किती दूर होती ते कळतं. पण उत्तरेला की दक्षिणेला, हे सांगायला दगडावरचा बाण लागतो.

शनिवारी सकाळी मी उठलो तेव्हा आत्याची बुद्धवंदना आटोपली होती आणि सहाही दगड ओट्यावर घासूनपुसून वाळत ठेवलेले होते. आल्यागेल्यानं आणलेली मळकी वस्तू धुऊन ठेवायची, ही तिची रीतच. खडूचा एकही बाण उरला नव्हता.

आत्या मटकन खाली बसली. माझ्यामुळं पोरीचं वर्ष गेलं, एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. आणि मी, खडू घेणारा, ते ऐकत होतो. मग आत्याच उठली. म्हणाली, "भाकरीवानी परत जोडून बघू की. भिंत दुपारपर्यंत हाय ना?"

वाटेत गावातल्या दुकानातून मी ऑइल पेंट घेतला. खाणीत धर्मानं दगड हातात फिरवून पाहिले, प्रत्येकाची पाठ कुठली, पोट कुठलं ते सांगितलं आणि एकेक खोबणीला लावू लागला. पहिला दगड कड आणि आतली पांढरी रेघ जुळून असा बसला की आत्यानं माझा हात धरला. बसलेल्या दगडावर सुनंदा पुन्हा होकायंत्र धरून रंगानं बाण काढत होती. अकरापर्यंत पाच झाले.

सहाव्याची कड बसली, पण पांढरी रेघ दोन बोटं खाली राहिली. सकाळी सुरुंगाची भोकं पाडताना भिंतीचे काही तुकडे पडले होते; धर्मानं दुसऱ्या खोबण्या धुंडाळल्या, त्याही जमेनात. तिकडे कामगार लाल झेंडा लावत होते. मी म्हणालो, कड बसलीय ना, काढ बाण, प्रयोगशाळेत कोणाला कळणार?

"मला कळेल," सुनंदा म्हणाली. "हा या खोबणीतला नाही, दादा." तिनं दगड कोराच गोणीत ठेवला.

मला माझीच लाज वाटली. तिथेच, सुनंदा आणि धर्मासमोर, मी आत्याला रंगाची खरी हकिगत सांगितली. आत्यानं विचारलं,

"मग सकाळपासून मला का रडू दिलंस?"

बारा वाजता सुरुंग उडाला आणि ती भिंत गेली.

रविवारी नाशिकला परतलो, आणि रात्रीच्या गाडीनं सुनंदा पुढे गेली. पाचही दगडांनी एकच सांगितलं: हा लाव्हा थिजला तेव्हा ही जमीन विषुववृत्ताच्या बरीच दक्षिणेला होती. ही गोष्ट जगाला आधीच ठाऊक होती. आत्याला मात्र ती नवी होती. कळलं तेव्हा तिनं चुलीजवळची जमीन हातानं चाचपून पाहिली.

प्रबंधाच्या तक्त्यात सुनंदानं सहावी ओळ ठेवली आणि तिच्यात लिहिलं, "खुणा धुतल्या गेल्या, जागा सापडली नाही." तिच्या तोंडी परीक्षेच्या वेळी मी दाराबाहेर बसलो होतो. परीक्षकांनी त्याच ओळीबद्दल विचारलं. तिनं सगळं सांगितलं, आत्याचं दगड धुणं, पाचांचं जुळणं, सहाव्याची रेघ. त्यानंतर त्यांनी बाकीच्या पाचांबद्दल एकही शंका काढली नाही.